खाऱ्याच्या रुमालावरचा शिल्लक टाका

तीर्थस्वरूप ताई,

धाकट्या भावाचा लांबूनच वाकून नमस्कार. (लांबूनच, कारण तुझं शेवटचं पत्र वाचल्यापासून जवळ यायची छाती होत नाही.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजी पथ्य पाळतात, की तुझी पाठ वळली की अजून डब्यात हात घालतात? खिडकीतल्या कुंड्यांना कीड लागली होती ती गेली का? आणि मुख्य म्हणजे, तुझी सर्दी कशी आहे? तुला सर्दी झालेली नाही हे मला ठाऊक आहे, उगाच डोळे वटारू नकोस. पण ती आहे, जुनाट आहे आणि छातीत उतरली आहे, असं मी चार माणसांत सांगून बसलोय. का, ते ओघाने येईलच. तोवर इकडच्या कुणाचा फोन आला तर बोलायच्या आधी दोनदा खोक, एवढी कृपा कर.

इकडे आम्ही सुखरूप. म्हणजे मी बोलणी खाऊन सुखरूप आणि तुझी भाची मला बोलणी देऊन सुखरूप. गेला आठवडा कसा गेला ते सविस्तर लिहायला बसलोय. मला तुझ्याकडून काहीही नको आहे, हे आधीच सांगून ठेवतो. मी पत्र लिहिलं की काहीतरी मागतोच, असा तुझा जुना समज आहे. या वेळी तो खोटा ठरेल. नुसती हकीकत ऐक.

पोरीचं लग्न ठरतंय असं मी तुला कळवलं होतं. मुलगा सालस आहे, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, आपल्याशी आपल्या भाषेत तोडकंमोडकं बोलतो, त्याच्या घरची भाषा मात्र फ्रेंच, हे सगळं लिहिलं होतं. त्यावर तुझं उत्तर आलं ते एक वाक्य. ‘ज्या घरच्या माणसांशी भांडता येत नाही त्या घरात पोरीने नांदायचं कसं?’ आणि खाली सही. ना आशीर्वाद, ना ‘येते’, ना ‘येत नाही’. मी ते पत्र पोरीला दाखवलं नाही, पण घडी उलगडून पुन्हा घालणाऱ्या बापाचं तोंड बघून तिला कळायचं ते कळलं. कापड ताणायची रिंग आणि सुईदोरा घेऊन खिडकीशी जाऊन बसली. तिची आई गेली तेव्हा तू येऊन राहिली होतीस आणि रडून रडून दमलेल्या पोरीच्या हातात सुई दिली होतीस. तेव्हापासून वाईट वाटलं की ती भरतकाम करते. (मला वाईट वाटलं की मी जेवतो. ज्याचा त्याचा स्वभाव.)

आता मुलाच्या आजीचं सांगतो. त्याला आईबाप नाहीत, आजीआजोबांनीच वाढवलं. आजोबा समुद्रावर मासे धरायला जायचे आणि आजी किनाऱ्यावर बसून फाटकी जाळी सांधायची. आजोबा गेल्यापासून आजीबाईंनी आपलं गाव सोडलं नव्हतं. त्या आता नातसून बघायला, खरं म्हणजे नातसुनेचं घर बघायला, येणार होत्या. मुलाने आम्हाला आधीच सावध केलं होतं. आजी कधी ‘नाही’ म्हणत नाही, पण एखाद्या घरात तिला परकं वाटलं की ती गप्प होते, आणि मग त्या घराशी जन्मभर गप्पच राहते. त्यावर आमच्या बाईसाहेब काय म्हणाल्या असतील? ज्या म्हातारीने याला लहानाचा मोठा केला तिला गप्प करून मी त्या घरात पाऊल टाकणार नाही, लग्नच करणार नाही! म्हणजे पोरीचं सगळं आयुष्य एका दुपारच्या चहावर येऊन ठेपलं. आणि त्या चहाची तयारी कुणाकडे? माझ्याकडे.

पोरीला फ्रेंच बोलायला जमत नाही, लिहिता थोडंफार येतं. म्हणून तिने ठरवलं की बोलायचं ते सुईनेच बोलायचं. एक पांढराशुभ्र टेबलक्लॉथ घेतला, कडेने निळे मासे भरले आणि मधोमध ‘मच्छीमाराचं टेबल’ अशा अर्थाची एक ओळ, आजोबांच्या आठवणीसाठी. शिवाय बशा झाकायचे रुमाल. खाऱ्या बिस्किटांवर ‘साले’, म्हणजे खारं. केकवर ‘स्युक्रे’, म्हणजे गोड. फळांच्या टोपलीवर ‘पिकलेली’ या अर्थाचा आणखी एक शब्द. किती दिवस खपत होती ते मी पाहिलंय. मला सांगितली होती फक्त इस्त्री करायला. ‘फक्त इस्त्री’ हे दोन शब्द तुझी भाची आता उठताबसता म्हणत असते.

पण ताई, माणसाने आपला जन्म विसरायचा कसा? शर्टाच्या कारखान्यात फिनिशिंगच्या टेबलावर माझे केस पिकले. शिवून झालेला शर्ट आमच्याकडे यायचा आणि आमचं काम एकच, शिवणीबाहेर लोंबणारा एकही दोरा गिऱ्हाइकाच्या नजरेला पडता कामा नये. गळ्यात दोरीला छोटी कात्री, डोळा कापडावर, दिसला दोरा की कट्! निवृत्त झालो तेव्हा मालकांनी घड्याळ दिलं, कात्री मात्र मी मागून घेतली, आणि ती गळ्यातून कधी उतरलीच नाही. मागे तुमच्याकडे आलो होतो तेव्हा भावोजींच्या स्वेटरचं एक टोक लोंबताना दिसलं म्हणून कापलं आणि बाही कोपरापर्यंत उसवत गेली, ते तुम्ही विसरला नसालच. (ती बाही मुळात सैल विणलेली होती. यावर मी आजही ठाम आहे.) जित्याची खोड, दुसरं काय!

तर त्या दिवशी पोरगी आणि होणारे जावई आजीबाईंना आणायला स्टेशनवर गेले. मी वाफेची इस्त्री कडक तापवून सगळं कापड आरशासारखं केलं, टेबलावर पसरलं, दोन पावलं मागे सरकून पाहिलं. अक्षरं सुरेख, पण ठिकठिकाणी अक्षराच्या डोक्यावर एकेक दोरा तसाच राहिलेला! कुठे तिरका, कुठे दोन तुकडे टोकाला टेकलेले. एकेरी, बारीक, कापायचे राहून गेलेले दोरे असतात ना, हुबेहूब तसे. मला पोरीची दया आली. एवढी खपली आणि शेवटची साफसफाई राहून गेली बिचारीची. म्हटलं, अशा वेळी बाप नाही तर कोण? कट्, कट्, कट्. कापडाला धक्का न लावता एकूणएक दोरा उपटला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. इतका खूश झालो की काय सांगू! आणि मग हात दाखवून अवलक्षण म्हणतात तेही केलं. टेबलाचा फोटो काढून पोरीला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘आता कसं स्वच्छ दिसतंय!’

लगेच फोन आला. मग हळूहळू कळलं की त्या दोऱ्यांना फ्रेंच लोकांत मोठा मान आहे. ‘साले’च्या शेवटच्या अक्षरावरची तिरकी रेघ गेली की उरतं ‘साल’, म्हणजे घाणेरडं! फळांच्या शब्दावरची टोपी उडाली की पिकलेलीच्या जागी होतात भिंती. ‘गोड’ची नुसती साखर झाली होती, तिथे कुणाची तक्रार नव्हती. थोडक्यात, पोरीच्या सासरचं माणूस दाराशी येऊ घातलं असताना मी टेबलावर साखर, घाणेरडी बशी आणि टोपलीभर भिंती मांडून बसलो होतो. मी म्हटलं, अगं, एवढा अर्थ टांगायचा तर दोरा तरी जाड घ्यायचा! त्यावर ती एवढंच म्हणाली, बाबा, आता कशालाही हात लावू नका. (मला तुझी आठवण झाली. माझ्या शुद्धलेखनात ‘आजोबांनी बाळाला माडीवर बसवले’ या वाक्यावर तू लाल गोल काढला होतास. एक ठिपका काय गेला, बाळ मांडीवरून उठून वरच्या मजल्यावर जाऊन बसलं! आणि ‘भाडी घासली’ लिहिलं म्हणून कान पिळला होतास तो वेगळाच. तेव्हा ठिपके खायचो, आता रेघा खाल्ल्या.)

हात लावू नका म्हटल्यावर जो स्वस्थ बसेल तो बाप कसला? आधी डब्यातून दोरे शोधायला गेलो, तर ते चहाच्या चोथ्यात माखलेले. मग पोरीच्या डब्यातून नवा निळा दोरा घेतला, दोरे कापण्याआधीचाही एक फोटो होता तो समोर ठेवला, आणि मुख्य ओळीलाच हात घातला. मच्छीमाराच्या डोक्यावर छप्पर होतं, दोन टाके वर टोकाला जुळणारे. ताई, दोरे कापण्यात जन्म गेला, पण टाका घालायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. घामाघूम होऊन डावी बाजू घातली, उजवी घालणार तोच दाराची घंटा वाजली. (गाडी वेळेवर आली होती. एरवी येते का मेली?) म्हटलं, असू दे, बिनछपरापेक्षा अर्धं छप्पर बरं. आता अर्ध्या छपराने माणूस फार तर अर्धा मच्छीमार व्हायला हवा की नको? तसं नाही. फ्रेंचमध्ये त्या एका टाक्याने तो होतो पापी. इतकी वर्षं समुद्रावर राबलेल्या माणसाच्या नावाने मी ‘पाप्याचं टेबल’ मांडलं, आणि तेही त्याच्या बायकोसाठी!

आजीबाई आत आल्या. ठेंगण्या, काटक, डोक्याला रुमाल, बोटं राबून जाड झालेली. मी नमस्कारासाठी ‘बोंजूर’ घोकून ठेवलं होतं, पण ऐन वेळी तोंडातून ‘मर्सी’ बाहेर पडलं, म्हणजे आभारी आहे. त्यांनी अजून काही केलंच नव्हतं. खुर्चीवर बसल्या, चष्मा लावला आणि वाचायला लागल्या. आधी पाप्याचं टेबल. मग घाणेरडी बशी. मग टोपलीतल्या भिंती. जावई पांढरेफटक पडले. पोरगी मान खाली घालून उभी, आणि तिच्या हनुवटीवरून थेंब पडताना मला इकडून दिसत होते. आजीबाई गप्प. मुलाने सांगितलं होतं तशाच गप्प. माझी तर पाचावर धारण बसली. काय करावं सुचेना, तेव्हा गळ्यातली कात्री काढून त्यांच्यापुढे धरली, कचऱ्याचा डबा उचलून आणून त्यांच्या पायाशी ठेवला, आणि छातीवर हात मारून मारून ‘मी केलं, मी, माझ्या पोरीने नाही’ असं स्वच्छ मराठीत सांगितलं. आवाज जरा चिरका झाला, तो झालाच.

त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. कात्रीची धार अंगठ्यावर तपासली. मग कपबशा बाजूला सारायला लावल्या, टेबलक्लॉथ उचलला आणि खिडकीसमोर उजेडात धरला. ताई, मी जिथून जिथून दोरे उपटले होते तिथे सुईची भोकं शिल्लक होती! तुला माहीत नसेल, आमच्या टेबलाचा नियम असा की आधी दोरे कापायचे आणि मग इस्त्री, कारण वाफ लागली की भोकं मिटतात. त्या दिवशी मला दोरे दिसले ते इस्त्रीनंतर, म्हणजे सगळं उलटं झालं होतं. जन्मात एकदा नियम मोडला आणि तोच उपयोगी पडला. जाळ्यातलं कुठलं घर कसं तुटलं ते भोकावरून ओळखणारी बाई ती. एकेका भोकावर बोट ठेवत त्या बाईने तुझ्या भाचीने मुळात काय लिहिलं होतं ते सगळं वाचून काढलं, रुमालसुद्धा. आणि मग जी हसायला लागली! हसता हसता चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा ओळ वाचली, पुन्हा हसली. जावयांनी घाबरत घाबरत अर्थ सांगितला. आजी म्हणत होत्या, तो मच्छीमार होता आणि पापीही होता, पण हे दुसरं फक्त मला माहीत होतं, पोरी, तुझ्या बाबांना कुणी सांगितलं?

त्यानंतर चहा झाला. खारी बिस्किटं त्यांनी ‘घाणेरडं’ असं मोठ्याने वाचून एकेक उचलली आणि बशी रिकामी केली. मग सुई मागितली. दिसायला कमी येतं म्हणून ओवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. दोघं शेजारी बसून टाके घालायला लागलो, आणि इथे तुझ्या त्या वाक्याचं उत्तर लिहितो, नीट वाच. मी दोरा हातभर घ्यायचो, त्यांना वीतभर हवा. मी म्हणायचो, सारखं सारखं ओवायला लागतं, माझा जीव जातो. त्या म्हणायच्या, लांब दोऱ्याला गाठी पडतात. त्या फ्रेंचमध्ये आणि मी मराठीत, आवाज पार वरच्या पट्टीत, आणि समोरच्याचं म्हणणं साफ चूक आहे हे दोघांनाही पूर्ण कळत होतं. जावई भाषांतर करायला पुढे आले तर आम्ही दोघांनी त्यांना गप्प केलं. तेव्हा त्या घरच्या माणसांशी भांडता येतं, ताई. मी स्वतः भांडून बघितलंय. फार छान भांडतात.

टाके घालताना कापड उलटं केलं तेव्हा त्यांचा हात थांबला. तू पोरीला शिकवलं होतंस ना, मागच्या बाजूला गाठ मारायची नाही, दोऱ्याचं शेपूट आधीच्या टाक्यांखाली सरकवायचं? पाठ सगळी तशीच, हात फिरवला तरी कुठे काही लागत नाही. त्यांनी पोरीला जवळ बसवलं आणि विचारलं, हे कुणी शिकवलं. पोरगी म्हणाली, माझ्या आत्याने. कुठे असते ती? लग्नाला येणार ना? ताई, पोरीने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेपुढे मी म्हणालो की तुला भयंकर सर्दी झाली आहे, छातीत उतरली आहे, म्हणून तुझं काही कळवायचं राहून गेलं. जावयांनी ते तसंच सांगितलं. आजीबाईंनी माझ्याकडे बघितलं. ज्या बाईने पापी नवऱ्याबरोबर संसार केला तिला थाप ओळखता येत नसेल असं वाटत नाही. पण त्यांनी नुसती मान हलवली.

चार दिवस राहिल्या आणि जाताना पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरून काहीतरी बराच वेळ बोलल्या. जावयांना म्हटलं, सांगा की. ते म्हणाले, सगळं सांगता येणार नाही, पण शेवटचा शब्द ‘माझी’ असा आहे. तर लग्न पक्कं. टेबलक्लॉथ धुऊन, वाळवून ठेवलाय (इस्त्री पोरीने केली), मच्छीमाराला पुरं छप्पर मिळालं, फळं पिकली, सगळ्या खुणा आपापल्या जागी बसल्या. जवळजवळ सगळ्या.

भावोजींना नमस्कार. स्वेटरचा विषय काढू नकोस.

तुझा धाकटा,
ज्याला तू ‘कातरू’ म्हणतेस तोच

ता. क. पोरीने हे पत्र वाचलं. ती म्हणते, बाबा ढसाढसा रडले ते कुठे लिहिलंय? आवाज चिरका झाला असं मी वर लिहिलं आहे. तेवढं पुरे.

ता. क. दुसरा. सर्दीवर आजीबाईंनी कसल्याशा पाल्याची पुडी दिली आहे. उकळून प्यायची आहे. वास भयंकर आहे. तू खोटी आजारी आहेस, तरी औषध खरं आहे, आणि त्या विचारणार आहेत. माझी कात्री त्या आठवण म्हणून घेऊन गेल्या. पोरीने बाकीच्या सगळ्या कात्र्या कुलपात टाकल्यात.

ता. क. शेवटचा. मला काही नको असं वर लिहिलंय ते खोटं आहे. आजीबाईंनी खाऱ्याच्या रुमालावरची तिरकी रेघ कुणालाच घालू दिली नाही. मी सुई पुढे केली तर बोटांवर चापट मारली. म्हणाल्या, ज्या बाईने या पोरीच्या हातात सुई दिली, हा टाका तिचा. निळा दोरा ओवून (वीतभरच) सुई त्या जागी टोचून ठेवली आणि गेल्या. म्हणजे तू येईपर्यंत आमच्या घरचं खारं ते सगळं घाणेरडं आहे, आणि आम्ही ते रोज मुकाट्याने खातोय. पोरगी त्या सुईला हात लावत नाही. धूळ बसू नये म्हणून तिच्यावर वाटी पालथी घालून ठेवते आणि येता जाता वाटी उचलून बघते. ताई, ये गं. लग्नाच्या आधी ये. टाका घालून झाला की दोरा कापावा लागेल, तेव्हा येताना तुझी कात्री आण. या घरात मला आता कुणी देत नाही.